परदेशातील घर आणि आपले हात

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



परदेशातील अनुभवांवर आम्ही उभयतांनी दोन शब्द बोलावेत, असा कार्यकारिणीचा आग्रह झाला. आम्ही विद्वान नाही आणि वक्ते तर मुळीच नाही. सुट्टीवर आलो की आप्तेष्ट विचारतात, पगार किती, बर्फ पडतो का, घर केवढे आहे? घर कसे सांभाळता, हे मात्र कोणी विचारीत नाही. आमची वीस वर्षे तर त्यातच गेली. म्हणून आज भिंत, गिलावा आणि गटार याच विषयावर बोलण्याची परवानगी घेतो.

आम्ही 2002 साली इंग्लंडमधील लेस्टर शहरी गेलो. आमच्यापैकी एक परिचारिका. दुसऱ्याकडे अभियांत्रिकीची पदविका होती, तरी पहिली तीन वर्षे त्याने गोदामात रात्रपाळी केली. 2005 साली कर्ज काढून एक जुने घर घेतले. तेथे रस्त्याच्या कडेला एकाला एक लागून घरांची लांबच लांब रांग असते. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक, खाली दोन खोल्या, वर दोन, मागे स्वयंपाकघर आणि न्हाणीघर. घर शंभर वर्षांहून जुने, नऊ इंची विटांचे, चुन्यात बांधलेले. किल्ली हातात आली त्या रात्री आम्ही रिकाम्या खोलीत सतरंजी टाकून झोपलो आणि स्वतःच्या छपराखाली झोपल्याचा आनंद मानला.

पहिल्याच हिवाळ्यात हा आनंद ओलसर झाला. डिसेंबरात तिकडे दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो. खिडक्या बंद, दारे बंद. झोपण्याच्या खोलीत कपाटामागची भिंत काळी पडली, लग्नातल्या शालूला बुरशी लागली. एका ठेकेदाराला बोलाविले. त्याने पाच मिनिटे भिंत पाहून सांगितले की जमिनीतून ओल वर चढते आहे. खालच्या भिंतीला भोके पाडून औषध भरले, गिलावा खरवडून नवा सिमेंटचा केला आणि दीड हजार पौंड नेले. पुढच्या हिवाळ्यात बुरशी पुन्हा हजर! वरच्या मजल्यावरच्या भिंतीला जमिनीतली ओल कशी पोहोचेल, एवढा साधा प्रश्न आम्ही विचारला नव्हता.

खरे कारण आम्हाला एका वृद्ध गवंड्याने समजाविले. थंड पाण्याने भरलेल्या तांब्यावर बाहेरून थेंब जमतात, ते पाणी तांब्यातून पाझरलेले नसते. हवेतली वाफ थंड धातूला लागून तिचे पाणी होते. आमच्या भिंतीचे तेच झाले होते. भाताची वाफ, आंघोळीची वाफ आणि घरातच दोरीवर वाळणारे कपडे. ही सारी वाफ बाहेर जाण्यास वाट नाही, म्हणून ती सर्वांत थंड भिंत शोधून तेथे बसते. भरीस भर म्हणून पूर्वीच्या मालकाने बाहेरून विटांच्या दर्जा सिमेंटने भरल्या होत्या. चुना ओल शोषतो आणि वाऱ्यावर सोडून देतो. सिमेंट ती आत कोंडते.

उपाय स्वस्त निघाला. भांड्यावर झाकण ठेवणे, स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात हवा बाहेर फेकणारा पंखा बसविणे, कपडे न्हाणीघरात दार लावून आणि पंखा चालू ठेवून वाळविणे, कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढणे, रोज सकाळी पंधरा मिनिटे खिडकी उघडणे. बाहेरच्या दर्जा त्या गवंड्याकडून पुन्हा चुन्याने भरून घेतल्या. माळ्यावर खनिज लोकरीचे 270 मिलिमीटर जाडीचे थर आम्ही स्वतः, तोंडाला मास्क लावून, अंथरले. छपराच्या कडेची हवेची वाट मात्र मोकळी ठेवली. बुरशी गेली ती गेलीच.

तेथून आम्हाला हातकामाची गोडी लागली. कारागिराच्या एका भेटीचे शुल्क आमच्या एका दिवसाच्या पगाराहून अधिक असे, त्यामुळे गोडीपेक्षा गरज मोठी होती हेही कबूल करतो. शनिवार-रविवारी थापी, ओळंबा आणि पाणसळ घेऊन आम्ही शिकलो. न्हाणीघराच्या फरशा परिचारिकेने बसविल्या, कारण हात तिचाच स्थिर. रंग आणि पोळ्या दुसऱ्याकडे आल्या. पहिल्या पोळ्यांचे आकार सांगण्यासारखे नाहीत.

मात्र प्रत्येक गोष्टीला हात लावायचा नसतो, हेही तेथेच कळले. गॅसचे काम नोंदणीकृत कारागिरानेच करावे असा तेथे कायदा आहे. सामाईक भिंतीत तुळई बसवायची तर 1996 च्या कायद्यानुसार शेजाऱ्याला आधी लेखी सूचना द्यावी लागते. छताचा जुना खडबडीत मुलामा आम्ही खरवडायला निघालो होतो. गवंड्याने वेळीच थांबविले. ब्रिटनने अॅस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी घातली ती 1999 साली. त्याआधीच्या मुलाम्यात ते असू शकते आणि त्याची धूळ फुप्फुसात गेली तर रोग कित्येक वर्षांनी उमटतो.

आता ज्या प्रसंगासाठी हे सारे सांगितले, त्याकडे येतो. 2007 सालच्या एका रविवारी मागच्या अंगणातील चेंबर तुंबले आणि घाण पाणी चार घरांच्या परसात पसरले. ती गटाराची नळी चार घरांची सामाईक होती. इंग्लंडमध्ये बहुतेक खासगी सामाईक नळ्यांची जबाबदारी 1 ऑक्टोबर 2011 पासून पाणी कंपन्यांकडे गेली, तोवर ती घरमालकांचीच होती. शेजारचे आजोबा, निवृत्त शाळामास्तर, रबरी हातमोजे घालून लवचीक काठ्यांचा भारा घेऊन आले आणि आम्हाला म्हणाले, झाकण धरा.

आम्ही जागचे हललो नाही. त्यांना वाटले, आम्हाला किळस आली. किळस नव्हती. आमच्यापैकी एकाचे आजोबा नगरपालिकेत सफाई कामगार होते. आयुष्यभर त्यांनी गटारे उपसली आणि पन्नाशीतच खोकत गेले. वडिलांनी शिकून कारकुनी मिळविली आणि आम्हाला बजावले, "काही कर, पण त्या झाकणाला पुन्हा हात लावू नकोस." सात समुद्र ओलांडून आम्ही त्याच झाकणापाशी उभे होतो.

मास्तरांनी वाट पाहिली नाही. एकटेच झाकण सरकवू लागले. वय पंचाहत्तरीचे. ते पाहून आम्ही दोघेही पुढे झालो. काठ्या एकमेकींत फिरवून जोडायच्या, नळीत ढकलायच्या आणि नेहमी उजवीकडेच फिरवायच्या. डावीकडे फिरविल्या तर त्या सुटून आतच राहतात. पाऊण तासाने चरबीचा पांढरा गोळा सुटला आणि पाणी धडधडत गेले. तो गोळा बहुतांशी आमच्याच घरचा होता, हे सांगताना आजही मान खाली जाते. भजी तळून उरलेले तेल आम्ही मोरीत ओतत होतो. थंडीत ते नळीत गोठत होते.

मग मास्तरांनी हात धुतले आणि आमच्या घरी येऊन चहा घेतला. संध्याकाळी ते ठरल्याप्रमाणे चर्चमध्ये पियानो वाजविण्यास गेले. त्यांना कोणी दूर बसविले नाही. त्यांच्या नातवाला कोणी त्या कामावरून हाक मारली नाही.

त्या रात्री आम्ही बराच वेळ बोलत बसलो. वडिलांचे चुकले होते काय? नाही. ज्या घरात ते काम जन्माबरोबर येते, त्या घरातील बापाने दुसरे काय सांगावे? पण आजोबांना मारले ते गटाराने एकट्याने नाही. हातमोजे न देता, काठ्या न देता त्यांना आत उतरविणाऱ्यांनी आणि हे याच लोकांचे काम आहे, असे ठरविणाऱ्यांनी त्यांना मारले. मास्तर चेंबरच्या काठावर उभे होते, आजोबा आत उभे असत. सारा फरक त्या चार फुटांत आहे.

आपल्या देशात हाताने मैला साफ करण्याविरुद्ध 1993 साली कायदा झाला, 2013 साली अधिक व्यापक कायदा झाला. गटारात मृत्यू आल्यास द्यावयाची भरपाई 2023 साली सर्वोच्च न्यायालयाने 10 लाखांवरून 30 लाख रुपये केली. तरीही माणसे उतरविली जातात आणि विषारी वायूने मरतात. गेल्या वर्षी आम्ही कायमचे परत आलो. आमच्या इमारतीतील टाकी तुंबली तेव्हा सभासदांनी आठशे रुपयांत एक मुलगा ठरविला. मुलगा दोर बांधून उतरण्याच्या बेतात होता. आम्ही त्याला थांबविले, यंत्राची गाडी मागविली आणि जादा खर्चावरून दोन महिने बोलणी खाल्ली. त्या बोलण्यांचे आम्हाला काहीच वाटले नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी काही जण उद्या परदेशी जातील. जाण्यापूर्वी घरातला पाण्याचा मुख्य कॉक कोठे आहे ते पाहून ठेवा, फ्यूज बदलण्यास शिका, चार पोळ्या लाटण्यास शिका. मुलांनी तर नक्कीच. भिंत ओली दिसली तर रंग काढण्याआधी पाणी येते कोठून ते शोधा. हातकामाची लाज धरू नका. आणि येथेच राहिलात तर आपल्या इमारतीच्या सभेत एक ठराव मांडा की आमच्या चेंबरमध्ये माणूस उतरणार नाही. आमच्या आजोबांसाठी तो ठराव कोणी मांडला नव्हता.