होणारा वारस



आज मी एकाच शब्दाविषयी बोलणार आहे. तो शब्द म्हणजे ‘वारस’. वडील हयात असतानाच आपण मुलाला वारस म्हणून मोकळ्या होतो. कायद्याच्या दृष्टीने मात्र जिवंत माणसाला वारस नसतो. असतो तो केवळ होणारा वारस.

ह्या होणाऱ्या वारसाचेही दोन प्रकार आहेत. इंग्लंडच्या राजघराण्यात त्यांना निरनिराळी नावेच आहेत. कोणाच्याही जन्माने ज्याचा क्रम ढळत नाही, तो खात्रीचा वारस. आणि अधिक जवळचा हक्कदार जन्मास आला तर ज्याला मागे सरावे लागते, तो तूर्तचा वारस. १९३६ साली वडील गादीवर आले तेव्हापासून १९५२ साली स्वतः राणी होईपर्यंत एलिझाबेथ तूर्तचीच वारस होती. पाठीवर भाऊ झाला असता, तर राज्य त्याचे झाले असते! २८ ऑक्टोबर २०११ नंतर जन्मलेल्यांपुरता हा मुलगा-मुलगी भेद काढून टाकणारा कायदा तेथे २०१५ साली अमलात आला.

आता आपल्या घराकडे वळू. वडिलांनी स्वकष्टाने घर घेतले आणि मृत्युपत्र न करता ते वारले, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे त्यांची आई, पत्नी, मुलगे व मुली यांना सारखा वाटा मिळतो. पण वडील आहेत तोवर ह्या सर्वांजवळ आहे ती नुसती आशा. वडील ते घर विकू शकतात, मृत्युपत्राने दुसऱ्यास देऊ शकतात. म्हणूनच १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे सहावे कलम सांगते की, होणाऱ्या वारसाची अशी आशा दुसऱ्याच्या नावे करून देता येत नाही.

एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेची गोष्ट निराळी. २००५ च्या दुरुस्तीने तेथे मुलगी मुलाप्रमाणेच जन्मतः हिस्सेदार झाली. दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दिला. तेथे मुलगी होणारी वारस नव्हे. ती आजचीच धनीण आहे.

हा भेद कशासाठी सांगते? माहेरी साडीचोळी होते आणि भाऊ हक्कसोडपत्र पुढे करतो. माहेर तुटेल ह्या धास्तीने बहीण न वाचता सही करते. भगिनींनो, सहीपूर्वी दोन प्रश्न विचारा : मालमत्ता स्वकष्टाची की वडिलोपार्जित? आणि वडील हयात आहेत काय? स्वकष्टाची असून वडील हयात असतील, तर सोडायला तुमच्या हाती अजून काही आलेलेच नाही. मात्र मोबदला घेऊन सही केलीत, तर पुढे तोच कागद आड येऊ शकतो. वडिलोपार्जित असेल, तर तुम्ही जे सोडता ते मुळात तुमचेच आहे.

भावाला प्रेमाने द्यावेसे वाटले, तर जरूर द्या. पण दान ते, जे आपले आहे हे जाणून दिलेले. न वाचता गेले, ते दान नव्हे.