शस्त्रकायद्याचा वाद आणि आप्तवाक्याची पारख

नागरिकाला शस्त्र बाळगण्याचा हक्क असावा की नसावा, या वादात दोन्ही पक्ष युक्तिवादापेक्षा थोरांच्या नावांवरच अधिक विसंबतात; म्हणून त्याची तपासणी कायद्याच्या कलमांऐवजी प्रमाणविचारापासून करणे इष्ट ठरते. न्यायदर्शनाने 'शब्द', म्हणजे विश्वसनीय व्यक्तीचे वचन, हे ज्ञानाचे एक प्रमाण मानले. मात्र अशा व्यक्तीला, म्हणजे 'आप्ता'ला, न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन याने दोन अटी लावल्या: विषयाचे साक्षात ज्ञान आणि तो जसा आहे तसा सांगण्याची इच्छा. तज्ज्ञाच्या अधिकाराचा प्रश्न मुख्यतः पहिल्या अटीचा आहे आणि वृत्तपत्राच्या पक्षपाताचा दुसऱ्या अटीचा.

लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीतील 1878 च्या कायद्याने भारतीयांवर शस्त्रपरवान्याची सक्ती झाली, पण युरोपियनांना सूट मिळाली. भारतीयांच्या हातची शस्त्रे काढून घेणारा हा कायदा ब्रिटिश सत्तेचे सर्वांत काळे कृत्य होय, अशा आशयाचे गांधींचे वाक्य त्यांच्या आत्मकथेत आहे, आणि अमेरिकेतील शस्त्रहक्काचे पुरस्कर्तेही ते आवडीने पुढे करतात. परंतु ते वाक्य मूळचे 1918 मधील सैन्यभरतीच्या पत्रकातले असून, कायदा रद्द व्हावा असे वाटत असेल तर सैन्यात शिरण्याची संधी दवडू नका, असे सांगण्यासाठी ते लिहिले गेले होते. पुढे 1927 मध्ये नागपुरात मंचरशा आवारी यांनी बंगालमधील राजबंद्यांच्या सुटकेसाठी तलवारी घेऊन शस्त्रकायदा मोडण्याची चळवळ उभारली, तेव्हा त्याच गांधींनी तिला सत्याग्रह म्हणण्यास 'यंग इंडिया'तून नकार दिला. एकाच माणसाची ही दोन वचने परस्परविरोधी नाहीत, कारण ती दोन निराळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. पहिले छापून दुसरे गाळणारा मात्र आप्त उरत नाही, मग त्याने अवतरण अक्षरशः बरोबर दिलेले का असेना.

शस्त्रहक्काचा प्रश्न डिसेंबर 1948 मध्ये संविधान सभेपुढे आला. मध्यप्रांत-वऱ्हाडचे सदस्य हरि विष्णु कामत यांनी काँग्रेसच्या 1931 च्या कराची ठरावाच्या धर्तीवर शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालण्याची दुरुस्ती मांडली. कोणीही बाजारात जाऊन वाटेल ते शस्त्र विकत घेऊ लागला तर राज्यकारभार चालणार कसा, असे डॉ. आंबेडकरांचे त्यावर म्हणणे होते. दुरुस्ती नामंजूर झाली, आणि कलम 19 ने एकत्र जमण्याचा हक्क दिला तोही 'शांततेने व विनाशस्त्र' या अटीवर. येथेही नावापुढे मान तुकवून चालत नाही: कामतांच्या दुरुस्तीतच नियमनाची मुभा होती, त्यामुळे बेबंद खरेदीविरुद्धचा आक्षेप तिला पुरता लागू पडत नाही; उलट, नियमन मान्य केल्यावर त्या हक्कात उरते काय, याचे उत्तर कामतांच्या बाजूलाही द्यावे लागते. 1959 चा कायदा परवान्याच्याच वाटेने गेला, आणि 2019 च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाला ठेवता येणाऱ्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. बंदुकीतून सुटलेली गोळी ओळखणारा न्यायवैद्यक तज्ज्ञ त्या विषयात आप्त आहे, पण म्हणून ती मर्यादा दोन असावी की तीन, हे ठरवण्यात त्याच्या मताला वेगळे वजन येत नाही.

वृत्तपत्राचा पक्षपात बहुधा खोट्या मजकुरात नसतो, निवडीत असतो. 'देशी कट्ट्यासह दोघे जेरबंद' ही बातमी बहुतेक वेळा पोलिसांच्या प्रसिद्धिपत्रकावरच उभी असते. छायाचित्रात टेबलावर कट्टा, शेजारी दोन जिवंत काडतुसे आणि मागे तोंड झाकलेले आरोपी. तिच्यातील प्रत्येक शब्द खरा असू शकतो, तरी अशा बातम्या रोज वाचणारा वाचक विनापरवाना कट्टा आणि परवान्याची बंदूक यांचा हिशेब नकळत एकाच खात्यात मांडू लागतो आणि परवाने कमी करण्याच्या मागणीला मान डोलावतो. निवडणूक जाहीर झाली की परवानाधारक आपल्या बंदुका ठाण्यात आणून जमा करतात, पावती घेतात आणि निकालानंतर त्या परत नेतात. त्या रांगेचे छायाचित्र क्वचितच छापले जाते.