परक्या नगरीतील पहिला दिवस



मे १९५० मध्ये परमपूज्य बाबासाहेब व माईसाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी श्रीलंकेतील कँडीला गेले. नगरी परकी होती, पण ती केवळ सहल नव्हती. तिथल्या लोकांच्या आचरणात धम्म कितपत जिवंत आहे, हे बाबासाहेबांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे होते. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला उभयतांनी सोबतच दीक्षा घेतली.

आपणही मलकापूरला रेल्वेत बसून उद्या जोडीने कोलंबो वा काठमांडू गाठले, तर पहिल्या दिवशी बाजाराआधी विहारात जाऊ. फोटोवरच समाधान न मानता तिथली माणसे एकमेकांशी कशी वागतात ते टिपू, आणि परतल्यावर पौर्णिमेला आपल्या विहारात दोघेही सांगू.

जयभीम! नमो बुद्धाय!