वृक्षांची साक्ष



कारखान्याचा धूर डोळ्यांना दिसतो. त्यातील धातू दिसत नाहीत. शिसे, निकेल, कॅडमियम यांचे सूक्ष्म कण वाऱ्याबरोबर येऊन पानांवर व सालीवर बसतात आणि वृक्ष त्यांचा संचय मुकाट्याने करीत राहतो. झाडांवरून हवेची पारख करण्याची कल्पना तशी जुनी आहे. पॅरिसच्या लक्झेंबर्ग उद्यानातील वृक्षांवर वाढणारी दगडफुले ही हवेच्या शुद्धतेची खूण होय, असे वनस्पतिशास्त्रज्ञ निलांडर यांनी १८६६ मध्येच मांडले होते.

या विद्येचे सामर्थ्य अमेरिकेतील पोर्टलंड शहरात विशेष प्रत्ययास आले. डिसेंबर २०१३ मध्ये तेथील वनसेवेच्या संशोधकांनी शहरभरच्या झाडांवरून शेवाळाचे ३४६ नमुने गोळा केले. या शेवाळाला खरी मुळे नसतात. पाणी व पोषण ते पाऊस, दव आणि धूळ यांतूनच घेते. त्यामुळे हवेतील धातूही त्यात साठत जातात. नमुन्यांच्या पृथक्करणावरून नकाशा तयार झाला, तेव्हा कॅडमियमचे सर्वाधिक प्रमाण रंगीत काच बनविणाऱ्या कारखान्यांभोवती आढळले. काचेला पिवळा, नारिंगी व तांबडा रंग आणण्यासाठी कॅडमियमची संयुगे वापरतात. तोपर्यंत तिकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते.

ऑक्टोबर २०१५ मध्ये अशा एका कारखान्याजवळ यंत्रे बसविण्यात आली. हवेतील कॅडमियम राज्याने ठरविलेल्या सुरक्षित मर्यादेच्या सरासरी ४९ पट निघाले. जवळच लोकवस्ती होती, मुलांचे पाळणाघर होते. फेब्रुवारी २०१६ मध्ये ही वार्ता प्रकट होताच कारखान्याने कॅडमियमचा वापर थांबविला. २०१८ मध्ये राज्याने विषारी उत्सर्जनाविषयी नवे नियम केले.

तथापि या साक्षीची मर्यादाही ध्यानात घ्यावयास हवी. शेवाळातील वा सालीतील धातूंवरून श्वासावाटे नेमके किती विष शरीरात जाते, हे ठरत नाही. पर्जन्यमान, झाडाची जात, सालीचा खडबडीतपणा यांनुसार संचय बदलतो. वृक्ष यंत्राची जागा घेत नाही. यंत्र कोठे बसवावे, एवढे तो सांगतो. परंतु यंत्रे मोजकी व महाग आणि शहरे विस्तीर्ण असताना, तेवढे सांगणे थोडे नव्हे. औद्योगिक वसाहतीच्या कडेचा वृक्ष तोडण्यापूर्वी, त्याच्यापाशी काही सांगण्यासारखे आहे काय, एवढा विचार नागरिकांनी अवश्य करावा.