देवरुखच्या दोन बहिणी



सकाळी कर्वेनगरच्या बसथांब्यावर उभं राहिलं, की पाठीवर सॅक अडकवलेल्या मुलींची रीघ लागलेली दिसते. कुणी इंजिनिअरिंगची, कुणी आर्किटेक्चरची, कुणी नर्सिंगची. त्यांच्या संस्थेचं इथलं पहिलं घर म्हणजे १९०० साली हिंगण्याच्या माळावर उभी राहिलेली एक झोपडी. पुण्यात प्लेग होता, म्हणून विधवांसाठीचा अनाथ बालिकाश्रम गावाबाहेर न्यावा लागला. रावबहादूर गोखल्यांनी जागा दिली. हा आश्रम काढणाऱ्या महर्षी कर्व्यांचं नाव आपण सगळेच आदरानं घेतो. आज मला त्यांच्या घरातल्या दोन बहिणींविषयी बोलायचं आहे. ‘संकटाला देणगी समजा’ असा सल्ला हल्ली उठता-बसता दिला जातो. ताज्या दुःखात तो ऐकावा लागलेल्या माणसांचे चेहरे मी पाहिले आहेत. या दोघींची आयुष्यं समोर ठेवली, की त्या सल्ल्यात खरं किती आणि क्रूर किती, हे उमगतं.

दोघी देवरुखच्या जोश्यांच्या लेकी. थोरली गोदूबाई, धाकटी पार्वतीबाई. गोदूबाईचं लग्न आठव्या वर्षी झालं आणि काही महिन्यांतच नवरा गेला. पुढची कितीतरी वर्षं सासरी राबण्यात गेली. त्या वेळी कुणी तिला सांगितलं असतं, की बाई गं, ही तुला मिळालेली देणगी आहे, तर ते ऐकवलं असतं का? तिला मिळाली ती दुसरीच गोष्ट. भाऊ नरहरपंत तिला मुंबईला घेऊन आला आणि १८८९ साली पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात तिचं नाव घातलं. तिथली ती पहिली विधवा विद्यार्थिनी. आई-वडील दुष्काळात गमावलेल्या, नवऱ्याच्या मृत्यूनंतर लहान मुलीला घेऊन उभ्या राहिलेल्या रमाबाईंनी ते दार उघडून ठेवलं होतं. म्हणून गोदूबाईला आत जाता आलं.

११ मार्च १८९३ रोजी पुण्यात धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला. ती आनंदीबाई झाली, पुढे सगळ्यांची बाया झाली. मुरुड या कर्व्यांच्या गावच्या लोकांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. पण मला जास्त चटका लावते ती नंतरची गोष्ट. १८९६ साली आश्रम निघाला तेव्हा, लोकांनी मुली पाठवाव्यात म्हणून, कर्व्यांनी तो पुनर्विवाहाच्या चळवळीपासून अलग ठेवला. ज्या दुःखातून बाया बाहेर आली, त्याच दुःखातल्या मुलींच्या या कामात तिच्या पुनर्विवाहाचीच अडचण झाली. तिनं हा सल लपवला नाही. ‘माझे पुराण’ या आत्मचरित्रात ती घरातल्या ओढाताणीबद्दलही मोकळेपणानं बोलते. मला तिचा हा सच्चेपणा फार मोलाचा वाटतो. आयुष्याला अर्थ सापडला म्हणून प्रत्येक जखमेचे आभार मानायला हवेत, असं थोडंच आहे?

धाकट्या पार्वतीबाईंची वाट निराळी. अकराव्या वर्षी लग्न, विसाव्या वर्षी वैधव्य, पदरी एक मुलगा. पुण्याला बहिणीकडे आल्यावर, पंचविशीच्या आसपास त्या लिहा-वाचायला लागल्या. पुनर्विवाह त्यांना करायचा नव्हता. त्यांनी आश्रमाला वाहून घेतलं. आश्रमाची व्यवस्था पाहिली, मग वर्गणीसाठी गावोगाव फिरल्या, व्याख्यानं दिली. सोवळ्या बाईनं चारचौघांत उभं राहून बोलायचं, तेही विधवांच्या शिक्षणासाठी पैसे मागायला! बंद घरांत काय चालतं हे त्यांना पुस्तकातून कळलं नव्हतं. त्या सांगत होत्या ते त्यांचं स्वतःचं जगणं होतं. आश्रमात आलेल्या नव्या मुलीला धीर द्यायला याहून वेगळी पदवी काय हवी होती?

आणि मग १९१८ साली, पन्नाशीला टेकलेल्या पार्वतीबाई अमेरिकेला गेल्या. इंग्रजी जेमतेम. भाषा शिकायची, जग बघायचं, आश्रमासाठी निधी मिळवायचा. हाताशी पैसा नव्हता, तेव्हा परक्यांच्या घरी घरकाम केलं. माहेरी-सासरी विधवेच्या वाट्याला येणारं राबणं त्यांनी पाहिलं होतंच. इथं तेच काम त्यांनी आपल्या मर्जीनं, आपल्या हेतूसाठी पत्करलं. हात तेच, भांडी-केरवारे तेच, पण हुकूम आता स्वतःचा होता. माझ्या लेखी त्यांच्या सगळ्या आयुष्याचा अर्थ या एका फरकात आहे. १९२० साली त्या परतल्या आणि पुन्हा आश्रमाच्या कामाला लागल्या.

श्रोतेहो, तुमच्यापैकी कुणी आज मोठ्या दुःखात असेल, तर त्यातून हेतू शोधण्याची घाई करू नका आणि शेजाऱ्यालाही ती करायला लावू नका. दुःखातल्या माणसाला आधी नरहरपंतांसारखा भाऊ लागतो, शाळेत सोडणारा. पार्वतीबाईंची ‘माझी कहाणी’ १९२८ साली आली. ग्रंथालयात ती मिळाली, तर बायाच्या ‘माझे पुराण’बरोबरच घरी घेऊन जा, आणि अमेरिकेतला भाग आधी वाचा.