ताण झाडाचा मोजावा

आपण थंडीत जी संत्री सोलतो, त्यांचे भवितव्य जवळजवळ वर्षभर आधी ठरलेले असते. सौंसर-पांढुर्ण्यापासून नागपूर-अमरावतीपर्यंतचा बागायतदार आंबिया बहारासाठी डिसेंबरात आणि मृगासाठी मे महिन्यात झाडांचे पाणी तोडून त्यांना ताण देतो. ताण नीट बसला तर ओलीत सुरू होताच फुले येतात. कमी बसला तर नुसती पालवी फुटते, जास्त झाला तर फांद्या वाळून सल वाढते. एवढा नाजूक निर्णय आज बहुतेक ठिकाणी दिवस मोजून आणि पानांकडे पाहून होतो. तो झाडालाच विचारून व्हावा, असे मला आग्रहाने सांगायचे आहे. विचारण्याचे साधनही आहे. 1965 साली संशोधक शोलँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाबपेटीची रीत जगापुढे मांडली. पान तोडून पेटीत ठेवायचे, देठाचे कापलेले टोक बाहेर, आणि आत वायूचा दाब वाढवत न्यायचा. देठावर रस दिसू लागतो तो दाब म्हणजे झाड पाणी किती जोराने ओढत होते त्याचे माप. पान तोडण्याआधी तासभर झाकून ठेवले, तर ते एका पानाऐवजी खोडाची अवस्था सांगते.

जुना बागायतदार म्हणेल, नजर पुरेशी आहे. नजरेचे मोल मी मानतोच. पण संत्र्याचे पान चिवट असते, पाणी कमी पडताच ते आपली रंध्रे मिटून घेते आणि मलूल उशिरा दिसते. मग जमिनीतला ओलावाच का मोजू नये? त्यासाठीचा टेन्शिओमीटर ओलीत चालू असताना उत्तम, पण सुमारे 80 सेंटिबारपुढे त्यात हवा शिरते, आणि ताणाच्या काळात भेगाळणाऱ्या काळ्या जमिनीत त्याचा मातीशी संपर्कच सुटतो. खर्चाचा आक्षेप मात्र खरा आहे. पेटी घरोघरी परवडणार नाही. कृषी विज्ञान केंद्राने किंवा शेतकरी कंपनीने एक ठेवावी, प्रत्येक प्रकारच्या जमिनीतली मोजकी झाडे तपासावीत. कॅलिफोर्नियात बदाम-अक्रोडाच्या बागांत ही पेटी वापरतात, पण तिथले आकडे आपल्याला लावून चालणार नाहीत. जंभेरीवर बांधलेल्या नागपुरी संत्र्याने भारी जमिनीत कुठवर ताण सोसावा, हे इथेच ठरवावे लागेल, आणि नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेकडून ते काम मागून घेण्याचा हक्क बागायतदाराला आहे. कारण जानेवारीत एक मावठा पडला की दिवसांचा सगळा हिशेब मोडतो. ताण तुटला की टिकला, हे पहाटे तोडलेल्या काही पानांवरून त्याच सकाळी कळू शकते.