जमिनीखालची गळती आणि सेकंदाचा हजारावा भाग

मुंबईला १८६० साली विहार तलावाचे पाणी मिळू लागले. १८७९ मध्ये तुळशी आणि १८९२ मध्ये तानसा यांची त्यात भर पडली. तानसाच्या प्रचंड वाहिन्या मुलुंड, भांडुप, घाटकोपर या भागांतून शहराकडे जाताना आजही उघड्या दिसतात. त्यांना गळती लागली तर ती सहज ध्यानात येते. २०२३ च्या अखेरीस अंधेरी पूर्वेस मेट्रोच्या कामात मोठी जलवाहिनी फुटली, तेव्हाही जागा शोधावी लागली नाही. खरा प्रश्न आहे तो गल्लीबोळांतील रस्त्यांखाली पुरलेल्या लहान वाहिन्यांचा. तेथील एखादी भेग महिनोन्‌महिने झिरपते आणि पाणी गटारातून निमूटपणे निघून जाते. शिवाय उपनगरांत पाणी ठराविक वेळीच येते. पुरवठा थांबला की वाहिनीतील दाब उतरतो आणि त्याच भेगेतून बाहेरचे दूषित पाणी आत शिरू शकते. म्हणजे हा प्रश्न जितका पाण्याच्या नासाडीचा, तितकाच आरोग्याचाही आहे.

गळतीला आवाज असतो. जुने, जाणते फिटर रात्रीच्या शांततेत लोखंडी सळईचे एक टोक झडपेवर आणि दुसरे कानाला लावून तो ऐकत आले. ही विद्या कमी प्रतीची मुळीच नव्हे. परंतु गळती नेमकी किती अंतरावर आहे, हे कान सांगू शकत नाही.

ते वेळेच्या फरकावरून कळते. समजा, दोन झडपा वाहिनीवर एकमेकींपासून १०० मीटर अंतरावर आहेत. दोहोंवर एकेक संवेदक बसविला. लोखंडी वाहिनीतील पाण्यातून आवाज सेकंदाला सुमारे १,२०० मीटर वेगाने जातो. एका संवेदकावर तो दुसऱ्यापेक्षा ०.०५ सेकंद आधी पोहोचला, तर दोन मार्गांतील फरक ६० मीटर झाला. शंभरातून साठ वजा करून निम्मे केले की उत्तर येते: गळती जवळच्या झडपेपासून २० मीटरवर आहे.

हिशेब शाळकरी आहे, अडचण मोजणीत आहे. गळतीचा आवाज टाळीसारखा एकदाच होत नाही, तो अखंड सळसळतो. म्हणून दोन्ही नोंदी एकमेकींवर सरकवून त्या कोठे सर्वाधिक जुळतात, हे यंत्र पाहते. त्यासाठी दोन्ही नोंदींचा आरंभ एकाच क्षणी व्हावा लागतो. दोन यंत्रांची घड्याळे केवळ ५ सहस्रांश सेकंदाने चुकली, तरी जागा ३ मीटरने सरकते आणि खड्डा भलतीकडे पडतो. मुंबईच्या रस्त्यात भलतीकडे खणणे म्हणजे विजेच्या, दूरध्वनीच्या तारांशी खेळ. यासाठी आरंभाचा इशारा रेडिओ लहरींनी दिला जातो. १०० मीटर जाण्यास तिला सेकंदाच्या दशलक्षांशाचा तिसरा हिस्साच लागतो. तेवढी चूक नगण्य होय. एकच अंकरूपक दोन्ही वाहिन्यांचे संकेत आळीपाळीने वाचत असेल, तर त्या दोन वाचनांमधील अंतरही हिशेबातून वजा करावे लागते. स्वस्त उपकरण घेताना नेमकी हीच गोष्ट विसरली जाते.

आवाजाचा वेग हाही तितकाच फसवा. वाहिनीचा धातू, व्यास, जाडी यांप्रमाणे तो बदलतो आणि जुन्या नोंदी नेहमीच विश्वासार्ह नसतात. यावर एक सुरेख तोड आहे. गळती दोन संवेदकांच्या अगदी मध्यावर असेल, तर वेळेचा फरक शून्य येतो आणि वेग काहीही धरला तरी उत्तर चुकत नाही. म्हणून कुशल कर्मचारी पहिल्या अंदाजानंतर, शक्य असेल तेथे, संवेदक हलवून गळती मध्याशी आणतात आणि पुन्हा मोजतात. प्लॅस्टिकच्या नळात मात्र आवाज बराच मंद चालतो व लवकर विरतो. तेथे संवेदक जवळजवळ लावावे लागतात.

आणि हे सारे वाहिनीत पाणी असतानाच. एखाद्या वस्तीला पहाटे पाणी येत असेल, तर पथकाला झडपांची झाकणे त्याआधीच उघडून, संवेदक बसवून, पाण्याची वाट पाहत थांबावे लागते.